एक नोंद जास्त

त्या रविवारी बाबा सकाळपासून एक केबल जोडत बसले होते. खोलीभर राळेचा वास होता. चष्मा कपाळावर, हातात डाग द्यायचा तापलेला कैया आणि समोर नऊ बारीक तारा. एक तार जोडून झाली की ते ती दोन बोटांत धरून ओढून बघत आणि मगच पुढची घेत.

मी शनिवारच्या एसटीने अमरावतीहून आले होते. तिथल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. बाहेरच्या खोलीत परात घेऊन मी तुरीच्या शेंगा सोलत होते. बाबांच्या खोलीचं दार उघडंच होतं.

"उद्या काटोलले जातो," बाबा आतून म्हणाले. "रुपरावचा नवा कॉम्प्युटर आला. नोंदींची सव्वीस वर्षं तिकडे नेऊन ठेवतो."

"सव्वीस वर्षं नेता, तर सोबत एक थैली पण न्या जी," आई म्हणाली. "येताना संत्री आणा. नाहीतर मागच्यासारखे हात हलवत याल."

"मागच्या वेळी कॅसेटचा डबा होता हातात."

"हो ना. मले वाटलं बाळंतिणीचं बाळ घेऊन येऊन राहिले."

बाबा हसले. केबल पूर्ण झाली, ती त्यांनी गुंडाळली आणि सुतळीने बांधली. मग खुर्ची ओढून रेडिओ सेटपाशी बसले आणि काटोलच्या रुपरावकाकांना हाक घातली, मोर्सच्या किल्लीवर. हे त्यांचं रोजचंच.

बाबा म्हणजे वामनराव. मूळचे खाप्याचे. चौतीस वर्षं नागपूरच्या तारघरात होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दिवसभर लोकांच्या तारा पाठवून माणूस घरी आल्यावर पुन्हा तेच कसं करतो, हे आईला कधी समजलं नाही. पण १९६३ साली त्यांनी हौशी रेडिओचं लायसन्स काढलं आणि तेव्हापासून धरमपेठेतल्या आमच्या गच्चीवर दोन बांबूंमध्ये तांब्याची तार ताणलेली आहे. या तारेवरून ते क्यीव्हच्या शिक्षकाशी बोलले, चिलीच्या दंतवैद्याशी बोलले, आणि सगळ्यात जास्त काटोलच्या रुपरावकाकांशी. काका संत्र्याचे बागायतदार. दोघं इंग्रजी अक्षरांत मराठी वाजवत.

लायसन्स घेणाऱ्याला प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवावी लागते. तारीख, वेळ, समोरच्याचं नाव, आपण त्याला किती स्पष्ट ऐकलं, त्याने आपल्याला किती. या स्पष्टपणाचा रिपोर्ट तीन आकड्यांत देतात. पाच-नऊ-नऊ म्हणजे उत्तम, याहून वर काही नाही. बहुतेक हौशी मंडळी सौजन्य म्हणून सगळ्यांनाच पाच-नऊ-नऊ देऊन टाकतात. बाबा देत नसत. "ऐकू आलं नाही तर नाही आलं म्हणावं," ते म्हणत. "खोट्या मोठेपणाने त्याची तार सुधारत नाही."

निवृत्तीनंतर त्यांनी घरगुती संगणक घेतला. टीव्हीला जोडायचा, आणि माहिती साठवायला साधा कॅसेट प्लेअर. अठ्ठावन्नाव्या वर्षी एका पुस्तकावरून ते प्रोग्राम लिहायला शिकले. नोंदी ठेवायचा प्रोग्राम स्वतः लिहिला आणि वह्यांमधली तेवीस वर्षं एका बोटाने टाइप केली. एका वर्षाची एक कॅसेट. प्रत्येक कॅसेटच्या दोन प्रती, एक आमच्या कपाटात आणि एक काटोलला. एकाच छपराखाली दोन्ही ठेवायच्या नाहीत, हा नियम. दर सहा महिन्यांनी काका एसटीने यायचे, ॲल्युमिनियमच्या डब्यात सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेल्या कॅसेट मांडीवर घेऊन. मग दोघं एकमेकांच्या प्रती वाचून बघत.

वाचून बघणं ही तारघरातली सवय. तारेच्या डोक्यावर शब्दांची संख्या पाठवतात. घेणारा शब्द मोजतो. मेळ लागला तरच पोच द्यायची, नाही लागला तर पोच अडवून ठेवायची. बाबांच्या प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला असाच एक आकडा असे, पुढे नोंदी किती ते सांगणारा. मेळ लागल्याशिवाय ते जुनी प्रत पुसत नसत. मी ग्रंथालयात दर उन्हाळ्यात पुस्तकांची मोजणी करते. एक जरी पुस्तक लागलं नाही तर मला झोप येत नाही. ही खोड कुठून आली ते सांगायला नको.

त्या रविवारी बाबांनी काकांना जे वाजवलं ते असं होतं: "पोरगी आली आहे. शेंगा सोलून राहिली. घर भरल्यासारखं वाटतं. तिला हे सांगत नाही मी कधी."

मी शेंगा सोलत राहिले. मान वर केली नाही.

कारण मला मोर्स येतं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. बाबांनी मी लहान असताना शिकवायचा प्रयत्न केला. मला पुस्तकं वाचायची होती, मी कंटाळले, त्यांनी सोडून दिलं. पण माझी खाट त्यांच्या भिंतीला लागून होती. तेराव्या-चौदाव्या वर्षी केव्हातरी ती टिकटिक आपोआप अक्षरं झाली आणि अक्षरं वाक्यं झाली. सांगितलं असतं तर त्यांनी मला लायसन्सच्या परीक्षेला बसवलं असतं, म्हणून आधी सांगितलं नाही. पुढे सांगता येईना. वर्षानुवर्षं कोणाची पत्रं उघडून वाचल्यावर ते कसं कबूल करायचं?

एकदाच हातून चूक झाली होती. बाबा पोह्यांची बशी बाजूला ठेवून काकांना वाजवत होते, "आज पोह्यात मीठ नाही, बायकोला सांगायची हिंमत नाही." मी स्वयंपाकघरात होते. विचार न करता मिठाची वाटी उचलली आणि त्यांच्या बशीशेजारी नेऊन ठेवली. ठेवल्यावर लक्षात आलं, काय केलं ते. बाबांनी चिमूटभर मीठ घेतलं आणि वाजवत राहिले. मला वाटलं, सुटले.

सोमवारी सकाळी आंघोळीचं पाणी तापलं म्हणून आई बोलवायला गेली. बाबा अंथरुणातच होते. डॉक्टर म्हणाले, पहाटे केव्हातरी. हृदय.

*

चौदाव्या दिवसानंतर रुपरावकाका जीप घेऊन आले. मागे गोधड्यांत गुंडाळलेला त्यांचा नवा संगणक होता आणि काटोलच्या कॅसेटचा डबा.

"त्याले काटोलले यायचं होतं," ते ओट्यावरच थांबून म्हणाले. "आता हेच इकडे आणलं. काय वं शामला, करतो का आपण दोघं?"

घाई करायला कारण होतं. बाबांचा जुना संगणक आजारी होता. चालू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत तापायचा, पडद्यावरचं चित्र थरथरायला लागायचं आणि मग सगळं जायचं. पुन्हा थंड व्हायला तास. केव्हा कायमचा जाईल सांगता येत नव्हतं, आणि बाबांच्या कॅसेट दुसऱ्या कुठल्याही यंत्राला वाचता येत नव्हत्या. वह्या होत्या, पण ते सरकारी लिखाण. संगणकातल्या नोंदीत बाबांनी शेरे लिहिले होते. कोणाला मुलगी झाली, कोणाकडे बर्फ पडला, कोण आता उत्तर देत नाही. ते कुठल्याच वहीत नव्हतं. मला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. हातात चार दिवस होते आणि सव्वीस कॅसेट.

टेबलाच्या खणात एक वही सापडली. 'यंत्र बदलताना' असं वर लिहिलेलं. पहिल्या पानावर नऊ तारांचा नकाशा, त्यापुढे जुन्या यंत्राने काय पाठवायचं ते, आणि त्यापुढे नव्या यंत्राने ते कसं घ्यायचं याचा अख्खा प्रोग्राम, पेनाने, टेलिग्रामच्या सुवाच्य मोठ्या अक्षरांत.

काकांनी तो ओळ ओळ टाइप केला. मी वाचून दाखवला. तास गेला. चालवला, आणि चालला.

काकांनी पडद्यावर बोट टेकवलं. "माझा कॉम्प्युटर त्यानं कधी पाह्यलाच नाही गा," ते म्हणाले. गा म्हणायला समोर कोणी पुरुष नव्हता. ते बाबांनाच सांगत होते. "फोनवर मले फक्त मॉडेल विचारलं. आणि एक पण चूक नाही."

केबलही पहिल्याच फटक्यात चालली. मी ती सुतळी सोडली तेव्हा गाठ साधी होती, एका ओढीत सुटणारी.

काम संथ होतं. एक कॅसेट लावायची, पंधरा मिनिटं तिचा किरकिराट ऐकायचा, मग जुन्या यंत्रातून नव्यात पाठवायची, फ्लॉपीवर उतरवायची, दुसऱ्या फ्लॉपीवर प्रत करायची आणि आकड्यांचा मेळ बघायचा. आई हातपंखा घेऊन जुन्या संगणकाशेजारी बसली. डिसेंबरात सगळे स्वेटर घालून, आणि ती यंत्राला वारा घालत होती.

"यांना कधी एवढा वारा घातला नाही मी," ती एकदा म्हणाली. ती घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना काका म्हणाले, "तुले एक सांगू का पोरी? सांगावं का नाही, आठ दिवस विचार करून राहिलो. त्या रविवारी वामनराव मले म्हणाला, पोरगी आली, घर भरलं. तुले सांगत नव्हता तो. त्याचा स्वभावच नव्हता."

"अस्सं?" मी म्हणाले.

एवढं मोठं खोटं मी पुस्तक हरवणाऱ्या मुलांकडूनही ऐकलेलं नाही.

"आणखी एक मले कधी समजलं नाही," काका बशी ठेवत म्हणाले. "त्याच्याजवळ चांगला हेडफोन होता. आम्ही सगळे वाजवताना आपला आवाज कानातच घेतो. हा मात्र स्पीकरवर घेत होता. सगळ्या घराले त्रास."

"ते तर मी रोज म्हणत होती," आई म्हणाली.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी १९७४ची कॅसेट लावली. आकडा सांगत होता, एकशे अठ्ठ्याऐंशी. आल्या एकशे सत्त्याऐंशी.

पुन्हा पाठवल्या. एकशे सत्त्याऐंशी. काटोलची प्रत काढली. तिच्यावरही तेच, सांगते एकशे अठ्ठ्याऐंशी आणि देते एक कमी. मग मी १९७४ची वही काढून पेन्सिलने खुणा करत मोजलं. वहीत एकशे सत्त्याऐंशी संभाषणं होती.

"मग झालं ना," काका म्हणाले. "वही म्हणते सत्त्याऐंशी, आलेल्या सत्त्याऐंशी. वामनराव आकडा टाकताना चुकला. तो आकडा बदलू आणि पुढे जाऊ. अजून चौदा कॅसेट आहेत आणि हे धूड कवा बसन सांगता येत नाही."

"बाबा मोजण्यात चुकत नाहीत."

"अवं, माणूसच होता तो."

"चौतीस वर्षांत त्यांची एक तार परत आली नाही, काका. तुम्हीच सांगता सगळ्यांना."

"सांगतो. पण तेव्हा तो तरणा होता. हे त्यानं साठीला टेकल्यावर टाइप केलं."

"म्हणून काय झालं?"

"शामला, हट्ट नको करू वं. ह्या एका आकड्यापायी बाकीची चौदा वर्षं जातील."

ते बरोबर बोलत होते. यंत्र बंद करून थंड व्हायला ठेवलं होतं आणि मला तो आकडा बदलायला फक्त हो म्हणायचं होतं. पण तसं केलं असतं तर बाबांच्या सगळ्या हिशेबात पहिली चूक माझ्या सहीने लागली असती. आणि त्यांचा नियमही स्पष्ट होता. मेळ लागला नाही, तर पोच द्यायची नाही.

मी कॅसेट संगणकातून काढली आणि साध्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली.

"हे काय करून राहिली?"

"ऐकते."

बाबा असंच करायचे. प्रत चांगली उतरली की नाही, ते यंत्राला विचारण्याआधी कानाने बघायचे. टेपवर प्रत्येक नोंद म्हणजे किरकिराटाचा एक तुकडा, आणि दोन नोंदींमध्ये त्यांनी मुद्दाम दीड सेकंदाची शांतता ठेवलेली. मी डोळे मिटून बसले. आईचा पंखा थांबला. मी शांतता मोजत गेले. मध्ये गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला, तेव्हा काका उठून खिडकी लावून आले. पंधरा मिनिटं.

"एकशे अठ्ठ्याऐंशी," मी म्हणाले.

"चुकली असशील."

"चुकले नाही. पहिला तुकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे. आधी थोडी जास्त शांतता आहे. तो पुढे टाकलेला आहे, काका. मागाहून."

काकांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. इतका बारीक कान अचानक येत नाही, हे त्यांना माहीत होतं. वहीत मागे चिकटवलेला बाबांच्या नोंदींच्या प्रोग्रामचा कागद त्यांनी पुढे ओढला आणि बोट फिरवत वाचत गेले.

"हात् तुझ्या," ते म्हणाले. "हे पाह्य. ह्या यंत्रात यादी एकापासून सुरू नाही होत. शून्यापासून होते. आणि याची यादी दाखवणारी ओळ, पाठवणारी ओळ, दोन्ही एकापासून मोजतात. शून्याच्या घरात काही ठेवलं असन तर ते टेपवर जाईन, आकड्यात येईन, पण दिसणार नाही. आणि पाठवलं बी जाणार नाही."

"चुकून?"

"चुकून कसं? बाकीच्या अकरा वर्षांत ते घर रिकामं आहे, आकडे जुळलेच ना. ह्याच वर्षी मुद्दाम ठेवलं काहीतरी. माझ्यापासून लपवलं लेकानं."

पुन्हा यंत्र लावलं. आई पंखा घालू लागली. कॅसेट पंधरा मिनिटं वाजली, काकांनी ओळीतला एकाचा आकडा काढून तिथे शून्य घातलं. चित्र थरथरायला लागलं होतं. काकांनी आधी ते पाठवून दिलं आणि फ्लॉपीवर उतरवलं. जुना पडदा काळा झाला. नव्या पडद्यावर आकडा आला, एकशे अठ्ठ्याऐंशी.

मेळ लागला होता.

मग काकांनी शून्याची नोंद उघडली आणि मोठ्याने वाचायला लागले. इंग्रजी अक्षरांतली मराठी, एकेक अक्षर जुळवत.

"तारीख, अठरा ऑगस्ट चौऱ्याहत्तर. रविवार आहे. वेळ, सकाळी नऊ चाळीस. ठिकाण..." ते थांबले. "ठिकाण, स्वयंपाकघर."

"कोणाचं?" आई म्हणाली.

"मी दिलेला रिपोर्ट, पाच-नऊ-नऊ. मला मिळालेला रिपोर्ट, रिकामा आहे. शेरा..." काकांनी चष्मा पुसला. "शेरा: मीठ आलं. शामलाला सगळं ऐकू येतं. कबूल करत नाही. विचारायचं नाही, तिला वाटेल तेव्हा सांगेल. पोच बाकी."

"कसलं मीठ?" आई म्हणाली. "काय म्हणून राहिले हे?"

काका वळून माझ्याकडे बघत होते. मग सेटवरच्या त्या लहान स्पीकरकडे बघितलं त्यांनी, आणि पुन्हा माझ्याकडे.

अठरा ऑगस्ट. ती तारीख त्यांनी कुठल्याच वहीत लिहिली नव्हती. अकरा वर्षं डोक्यात ठेवली होती, आणि ते शून्याचं घर सापडल्यावर तिथे नेऊन ठेवली. हेडफोन असून स्पीकर लावत होते. दार उघडं ठेवत होते. कॉलेजची वर्षं, पहिली नोकरी, मी आजारी होते तो महिना, भिंतीपलीकडून काकांना माझ्याबद्दल जे जे वाजवलं ते सगळं मी चोरून ऐकत होते असं मला वाटत होतं. कोणाची पत्रं मी उघडली नव्हती. ती माझ्याच नावाने येत होती, चौदा वर्षं, आणि पाठवणारा खुर्चीत बसून पोचेची वाट बघत होता. खोटा रिपोर्ट देत नसत ते. मला पाच-नऊ-नऊ दिलं होतं, एका मिठाच्या वाटीवर.

"शामला," काका हळू म्हणाले, "तुले येते?"

मी उठून बाबांच्या टेबलापाशी गेले. किल्लीला हात लावला नाही. माझ्याजवळ लायसन्स नाही, आणि त्यांना ते चाललं नसतं. खुर्ची रिकामी होती. मी तिच्या शेजारी उभी राहिले, जिथे त्या दिवशी वाटी ठेवली होती, आणि आई आणि काका ऐकत असताना मोठ्याने म्हणाले,

"बाबा, मला येतं. पहिल्यापासून येतं. त्या रविवारचंही ऐकलं मी, घर भरल्याचं. सगळं पोचलं, बाबा. पाच-नऊ-नऊ."